दोनशे चौदा फुटावरची वाळू

जोतिरामनं नळाची चावी हातात घेतली तेव्हा त्याची मिशी काळीभोर होती, आणि चावी खाली ठेवली तेव्हा ती पांढरी झाली होती. मधल्या एकतीस वर्षांत त्यानं सोलापूर बघितलं ते जमिनीखालून. वरचं सोलापूर त्याला फारसं ठाऊक नव्हतं. नवी पेठेत कुठल्या दुकानात कसलं कापड मिळतं असं विचारलं तर तो डोकं खाजवायचा. पण त्याच दुकानाच्या पायरीखालचा वॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कितव्या आट्याला तो अडकतो आणि अडकल्यावर त्याला कुठली शिवी लागू पडते, हे तो जेवता जेवता सांगायचा. चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून गल्लीत शिरला की बायका म्हणायच्या, "आलं गं पाणी." खरं तर पाणी अजून टाकीत असायचं, आलेला असायचा जोतिराम.

त्याचा जोडीदार गौस. बावीस वर्षं दोघं एका सायकलीवर फिरले. पाण्याचं काम नसलं की दोघांना ड्रेनेजच्या चेंबरवर धाडायचे. चेंबरचं झाकण काढायच्या आधी पहारीनं त्यावर तीनदा ठोकायचं आणि "उघडतोय रं बाबा" म्हणायचं, ही दोघांची रीत. खाली जे कोण असंल त्यानं बाजूला व्हावं म्हणून. खाली झुरळं असतात, घुशी असतात, वायू असतो. आणखी काय असतं ते ह्या धंद्यात कुणी तोंडानं बोलत नाही, फक्त ठोकतात.

एका मे महिन्यात गौसच्या हातातून चावी निसटून चेंबरात पडली. "दो मिनट में आया रे जोत्या," म्हणून तो उतरला. वर काढला तेव्हा चावी त्याच्या मुठीतच होती, ती मूठ सोडवायला दोन माणसं लागली. त्यानंतर जोतिराम चेंबरात उतरला नाही. वरूनच वॉल्व्ह फिरवत राहिला, आणि मुदत भरली तसा घरी बसला.

घरी बसून सहा महिने झाले असतील. बजाबाई, त्याची बायको, रोज म्हणायची, "जावा की कुटंतरी. दिसभर मोरीकडं बघत बसताय, लोकं काय म्हणतील?" तेवढ्यात नवी पेठेतल्या एका कापड दुकानाच्या मालकानं बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात पाणी चढत नव्हतं. जोतिराम पाना घेऊन वर गेला तर तिथं दहा-बारा पोरंपोरी ओळीनं संगणकापुढं बसलेली, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर एकच चित्र. ड्रेनेजच्या नळीचं पोट.

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"हे कुटलं?" त्यानं जवळच्या पोरीला विचारलं.

"अमेरिकेतलं हाय, मामा," ती म्हणाली. ती अंकिता. टेंभुर्णीची. रोज येष्टीनं यायची आणि डब्यातली शेंगाची चटणी सगळ्या ऑफिसाला पुरवायची. तिच्या पडद्यावर नळीच्या कडेला बारीक काळी रेघ होती आणि ती त्या रेघेपुढं आकडा टाकत होती.

"ही चीर न्हाय," जोतिराम म्हणाला.

"मग काय हाय?"

"कोळ्याचं जाळं. चीर आशी हालती व्हय? बघ की, वारा लागतोय तिला."

मागं उभा राहून इंद्रजीत ऐकत होता. ऑफिस त्याचं. श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या शेतकी खात्यातल्या माणसाचा पोरगा, इंजिनिअर झालेला, पुण्यात दहा वर्षं काढून परत आलेला. त्यानं जोतिरामला खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळा धंदा उलगडून सांगितला. अमेरिकेतलं एक जुनं शहर. शंभर वर्षांपूर्वी भाजक्या मातीच्या नळ्या पुरून केलेलं त्याचं ड्रेनेज. आता ते जागोजाग खचायला लागलंय. सगळं खणून बदलायचं तर तिकडंही ते आवाक्याबाहेरचं. म्हणून नळीत चाकावरचा कॅमेरा सोडतात. तो पुढं सरकत चित्र काढतो, ते चित्र सोलापुरात येतं. हितली पोरं ते बघून कितव्या फुटावर काय बिघाड आहे ते लिहून पाठवतात. त्या यादीवरून तिकडचे लोक ठरवतात, कुठला रस्ता आधी खणायचा.

"अडचण एकच आहे," इंद्रजीत म्हणाला. "माझ्या एकाही पोरानं नळी आतून बघितलेली नाही."

"आन मी बघितलीया," जोतिराम म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिथं मामा झाला. इंग्रजी येत नव्हतं, पण बिघाडांचे आकडे त्यानं वॉल्व्हच्या आट्यांसारखे पाठ केले. तो बघायचा आणि बोलायचा, अंकिता लिहायची. नवी चित्रफीत सुरू करायच्या आधी तो टेबलावर बोटानं तीनदा ठोकायचा. पोरं हसली दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अंकिताच त्याच्याकडं बघून थांबायला लागली, "ठोका की मामा, सुरू करते."

त्यानं पोरांना एकच शिकवलं. दिसतंय ते लिवायचं. दिसत न्हाय ते लिवायचं न्हाय. वायूच्या कामात अंदाजानं माणूस मरतो.

त्या चित्रांना आवाज नसायचा. हे त्याला पहिल्यापासून खटकलं. सोलापूरचं ड्रेनेज बोलतं, गुळगुळतं, खाकरतं. हे मुकं. काळी नळी, पुढं उजेडाचा गोल, कोपऱ्यात फूट मोजणारे आकडे आणि तारीख-वेळ. माणूस कुठंच नाही. आणि तरी माणसं होती. कुठं डावीकडून घराची नळी येऊन मिळायची, त्यातून सकाळी सातच्या चित्रात वाफाळतं पाणी पडायचं. कुठं झाडाची मुळं आत घुसलेली, दाढीसारखी लोंबत होती, म्हणजे वर अंगणात झाड होतं. कुणाकडं बाळ होतं, कुणाकडं तुपकट स्वयंपाक होता, कुणाचं घर बंद पडून नळीला कोळ्यानं दार घातलं होतं. जोतिरामला ती सगळी घरं खालून ओळखू यायला लागली. नळीला वळण आलं की त्याला वाटायचं, वळणापलीकडं गौस बसलेला असंल, हातात चावी घेऊन. गौस कधी दिसला नाही. सोलापूरच्या चेंबरात मेलेला माणूस अमेरिकेच्या नळीत कशाला दिसंल. पण वळण आलं की तो श्वास धरायचा, एवढं खरं.

बजाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्या न्हाणीपातूर पोचला व्हय तुमी? आपल्या मोरीत बोळा अडाकलाय, त्यो बगा आदी."

मार्चमध्ये ती चित्रफीत आली. यादीत तिला के-सात म्हणायचे. दोन चेंबरमधली तीनशे फुटाची नळी. अंकितानं सुरू केली. एकशे बाराला डावीकडून वाफाळतं पाणी, एकशे साठला मुळं. दोनशे चौदा फुटाला दोन नळ्यांच्या सांध्याखाली वाळू पडलेली होती. घमेलंभर असंल. वर टोक, खाली पसरट, कुणी हातानं ओतल्यासारखी.

"वाळू हाय," जोतिराम म्हणाला. "भाईरनं आलीया. साफ करा म्हणून टाक."

अंकितानं टाकलं. कॅमेरा वाळूवरून चढून पुढं गेला.

आता सोलापुरातल्या कुठल्याही चावीवाल्यानं हेच म्हटलं असतं. आपल्याकडं घर बांधायचं म्हणजे वाळू रस्त्यावर पडणार. ती पोरं तुडवणार, कुत्री उकरणार, आणि उरलेली पहिल्या पाण्याला गटारीत जाणार. गटारीत वाळू दिसली की वर कुणीतरी मजला चढवतोय, एवढाच त्याचा अर्थ. एकतीस वर्षं जोतिरामनं हाच अर्थ लावला, आणि एकतीस वर्षं तो बरोबर निघाला.

एकोणीस दिवसांनी त्याच्या स्वतःच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. शेजारी मजला चढत होता आणि वाळूच्या जागी आणलेल्या दगडी कचेचा ढीग गटारीत घसरून पाणी तुंबलं होतं. जोतिराम फावडं घेऊन उतरला. पहिलं फावडं वर काढलं आणि बघत राहिला. कच, काळा चिखल, केसांचा गुंता, माव्याच्या पुड्या, तुटलेल्या चपलेचा अंगठा. रस्त्यावरून आलेली वाळू अशी असते. तिच्याबरोबर रस्ता येतो.

के-सातमधली वाळू पिवळी होती. एकरंगी. धुवून, गाळून ठेवल्यासारखी. तिच्यात एक कागदाचा कपटा नव्हता.

फावडं तसंच धरून तो गटारीत उभा राहिला. बजाबाई वरून म्हणाली, "आवं, पाणी जातंय की गल्लीभर. काय घावलं का?"

त्याचं गाव सीना नदीच्या काठाला. उन्हाळ्यात नदी आटली की बायापोरं वाळूत हातानं खड्डा उकरून पाणी काढायची. त्याला झिरा म्हणतात. झिऱ्याच्या भिंतीतून पाणी आत पाझरतं आणि येताना दाणा दाणा वाळू आणतं. स्वच्छ, निवडलेली. तळाशी तिचा लहानसा ढीग होतो, वर टोक, खाली पसरट. काठावर बसलेल्या पोराला वाटतं, काठ घट्ट आहे. काठ आतून निघून गेलेला असतो. तो सात वर्षांचा असताना असाच एक काठ त्याच्यासकट खाली आला होता. कमरेएवढंच खोल होतं म्हणून आईनं केसाला धरून ओढून काढला.

ती वाळू वरून पडलेली नव्हती. बाजूनं आली होती. सांध्यातून पाणी जमीन खात होतं, आणि खाल्लेलं नळीत टाकत होतं. घमेलंभर नळीत दिसलं, पण वाहून किती गेलं असंल? शंभर वर्षांत? वर रस्ता होता, आणि रस्त्याखाली आता काही नव्हतं.

आणि त्यानं लिहायला लावलं होतं, साफ करा. तिकडं साफ करणं म्हणजे नळीत जोरानं पाणी मारणं. तो ढीग सांध्याच्या तोंडाशी बुचासारखा बसला होता. बूच काढा, असं जोतिरामनं सोलापुरातून सांगून ठेवलं होतं.

हातपाय न धुता तो ऑफिसात गेला. चप्पल दाराशी काढली, पण पायाचे ठसे फरशीवर उमटत गेले. अंकितानं के-सात काढली. दोनशे चौदा फुटाला थांबवली. मोठं केलं. सांध्याला बोट जाईल एवढी फट होती आणि फटीपलीकडं माती नव्हती. अंधार होता. नळीतल्या अंधारापेक्षा निराळा अंधार.

"आधी का नाही दिसलं?" अंकिता म्हणाली.

"मी बघितलंच न्हाय. सोलापूर बघितलं."

इंद्रजीतनं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "मामा, आपण त्या शहराला ओळखत नाही. मध्ये एक कंपनी आहे. आपण फाईल देतो, ती पुढं देते. एकदा दिलेली फाईल बंद होते."

"मग उघडा की."

"आणि काय लिहू? पोकळी आहे? पोकळी दिसते का?"

"दिसत न्हाय."

"तुम्हीच शिकवलंय, दिसत नाही ते लिहायचं नाही."

"मी शिकवलं ते चुकीचं व्हतं म्हणा. लिवा."

इंद्रजीतनं त्याच दिवशी मेल केली. झिरा म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना त्याला अर्धा तास लागला. दोन दिवसांनी उत्तर आलं. आभारी आहोत, नोंद घेतली आहे, पुढच्या फेरीत बघू. पुढची फेरी वर्षानं असते, हे अंकितानं सांगितलं.

त्या दिवसापासून जोतिरामच्या कानात वाळू सांडायला लागली. पंख्याखाली बसला तरी पंख्याच्या आवाजाच्या आत बारीक सरसर ऐकू यायची. भाकरीत एक खडा लागला, त्यानं घास बाहेर काढून बोटांनी तपासला. बजाबाई म्हणाली, "जवारीत खडा येतोच की एकांदा. असं काय बगताय?" त्यानं तो खडा धुतला. पिवळा निघाला. त्यानं जेवण तिथंच सोडलं.

एका दुपारी नवी पेठेत तो चेंबरच्या झाकणापाशी उभा राहिला आणि चालायला लागला. अडीच फुटाचं एक पाऊल. रिक्षा चुकवत, पिशव्या घेतलेल्या बायका चुकवत त्यानं पंच्याऐंशी पावलं मोजली, वर थोडंसं, म्हणजे दोनशे चौदा फूट. जिथं थांबला तिथं बांगड्यांची हातगाडी होती आणि गाडीवाल्याची म्हातारी आई स्टुलावर बसली होती. "काय पाहिजे दादा?" तिनं विचारलं. "काय न्हाय," म्हणून तो सरकला. पण त्यानंतर त्या जागेवर पाय द्यायचं त्यानं सोडलं. वळसा घालून जायचा. म्हातारी त्याच्याकडं टकमक बघायची.

अंकितानं नकाशावर तो रस्ता शोधला. तिकडच्या रस्त्यांची चित्रं असतात, गाडीवरून काढलेली. चेंबरपासून फूट मोजत ती पुढं गेली आणि थांबली. पदपथाला लागून बसथांबा होता, एक बाक, बाकावर बाई बसलेली. मांडीवर पिशवी. तिचं तोंड पुसलेलं होतं.

"हे काय झालंय तिला?"

"सगळ्यांचंच पुसतात, मामा. ओळखू येऊ नये म्हणून. चित्र पण जुनं हाय, तीन वर्षांपूर्वीचं."

जोतिराम त्या नसलेल्या तोंडाकडं बघत बसला. ती कुठं बघत होती ते कळत नव्हतं. खाली बघत असंल तरी कळलं नसतं.

"आपल्याकडं आसतं तर फांदी खोवली आसती," तो म्हणाला. आपल्याकडं रस्ता खचला की पालिकेच्या आधी गल्लीतलं कुणीतरी बाभळीची फांदी आणून खड्ड्यात उभी करतं, वर लाल फडकं. गाड्या वळसा घालतात. "तितं फांदी कोण खोवणार?"

अंकितानं नकाशा बंद केला. मग तिनं त्या शहराचं तक्रारीचं पान उघडलं. रहिवाशांसाठी होतं. कुठला रस्ता, काय त्रास, कुठं. "ह्यात 'जमिनीखाली पोकळी' असा त्रासच नाही," ती म्हणाली. "खड्डा हाय. दिवा बंद हाय. मेलेलं जनावर हाय."

"खड्डा लिव."

"खड्डा न्हाय की तितं."

"आजून न्हाय. लिव, बाकापाशी रस्ता दबलाय. पाय ठेवला की हालतंय म्हण."

"मामा, हे खोटं हुतंय."

"व्हय." त्यानं डोकं खाली घातलं. "आपल्याकडं नळ फुटला म्हणून सांगितलं तर कोण येतं का? साहेबाच्या दारात पाणी शिरलंय म्हणावं लागतं, मग येत्यात. माणूस यिऊ दे. आला की त्येला कळंल."

तिनं लिहिलं. नावाच्या जागी काहीच लिहिलं नाही, तसंही चालत होतं. तक्रारीचा क्रमांक आला. तो जोतिरामनं कागदावर उतरवून खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी अंकितानं पान उघडलं. तक्रारीपुढं तीन वाक्यं होती. पाहणी केली. खड्डा आढळला नाही. तक्रार बंद.

"आला हुता म्हंजी कोणतरी," जोतिराम म्हणाला.

"आला असंल."

त्या माणसाचं चित्र त्याच्या डोळ्यापुढून जाईना. गाडीतून उतरला असंल. बाकापाशी उभा राहिला असंल, बुटानं दाबून बघितलं असंल, पक्कं आहे म्हणाला असंल. त्याच्या बुटाखाली चार बोटं डांबर आणि त्याखाली झिरा. तो उभा राहून गेला. खोटी तक्रार करणाऱ्याला शिवी घालून गेला असंल. आणि आता त्याच जागेवरून दुसरी तक्रार गेली, तर तीही खोटीच ठरणार होती. खरं बोलायची जागा जोतिरामनं एका खोट्यात घालवली होती.

इंद्रजीतनं आणखी दोनदा मेल केली. उत्तर आलं नाही.

एप्रिल गेला, मे गेला. काम चालूच होतं. जोतिराम आता टेबलावर ठोकल्यावर लगेच सुरू करू द्यायचा नाही, थोडा थांबायचा. अंकिता विचारायची नाही. एकदा दुपारच्या उकाड्यात सगळं ऑफिस डुलक्या घेत असताना त्याला गौसचा आवाज स्पष्ट ऐकू आला, कानाशी, चिडलेला. "जोत्या, रेती किधर से आ री, देखना नै क्या?" त्यानं मान वळवली. मागं भिंत होती. त्यानं पुन्हा पडद्याकडं बघितलं आणि काम पुढं केलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवी खेप आली. त्यात के-सात परत होती. वर्ष झालं नव्हतं, तीनच महिने. अंकितानं हाक मारायच्या आधीच जोतिराम तिच्या खुर्चीमागं उभा होता. इंद्रजीत आला, मग सगळेच आले.

कॅमेरा निघाला. एकशे बारा. डावीकडून वाफाळतं पाणी. एकशे साठ, मुळं कापलेली, म्हणजे नळी साफ केलेली. दोनशेच्या पुढं नळीच्या टोकाला पांढरं दिसायला लागलं. आधी ठिपका, मग गोल. कॅमेऱ्याचा उजेड फिका पडत गेला. दोनशे नऊला कॅमेरा थांबला.

पुढं नळी नव्हती. मातीचा ढीग होता आणि ढिगावर ऊन पडलं होतं. तिकडं चालवणाऱ्यानं कॅमेऱ्याचं तोंड वर फिरवलं. निळं आभाळ दिसलं. खड्ड्याच्या कडेला एका यंत्राचा पिवळा हात, आणि हेल्मेट घातलेली चार माणसं वाकून खाली बघत होती. आवाज नव्हता. त्यांची तोंडं हलत होती.

"खणलं," इंद्रजीत म्हणाला, आणि त्यानं जोतिरामच्या पाठीवर हात ठेवला. "मामा, खणलं त्यांनी. आपली मेल वाचली कुणीतरी."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजीतनं एकाला पेढे आणायला खाली पिटाळलं आणि स्वतः केबिनमध्ये जाऊन श्रीपूरला बापाला फोन लावला. दार उघडंच होतं. "आमच्या मामानं सोलापुरात बसून रस्ता वाचवला, अण्णा," असं तो मोठ्यानं सांगत होता. पेढे आले. जोतिरामच्या तळहातावर एक पेढा ठेवला गेला. तो त्यानं धरून ठेवला.

सगळे आपापल्या जागी गेले. अंकितानं चित्र मागं घेतलं, पुन्हा सोडलं, आणि आभाळाच्या जागी थांबवलं. खड्ड्याच्या कडा तिनं मोठ्या केल्या. मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"मामा, ही उजवी कड बघा. सरळ कापलीया. यंत्रानं."

"व्हय."

"ही डावी तशी न्हाय."

डाव्या कडेला डांबर फाटलेलं होतं. त्याचा एक तुकडा जिभेसारखा खाली लोंबत होता आणि त्याच्याखालची माती आत, लांबवर, खोल गेलेली होती. जोतिरामला ते पहिल्या झटक्यातच दिसलं होतं. तो एवढा वेळ त्या कडेकडं न बघायचा यत्न करत होता.

"म्हणजे आदी पडलं," अंकिता म्हणाली. "मग खणलं."

"व्हय."

केबिनमधून इंद्रजीतचं हसणं आलं. अंकितानं तिकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "सरांना सांगायचं?"

"तुला काय दिसतंय ते लिव. त्ये वाचतील."

तिनं लिहायला घेतलं. दोनशे नऊ फूट, नळी नाही. वरचा रस्ता खाली आलेला. डावी कड फाटलेली. लिहिता लिहिता ती थांबली. "मामा, पडलं तवा वर कोण..."

"त्ये ह्यात दिसत न्हाय, पोरी."

"मग कुटं दिसंल?"

जोतिरामनं स्टूल ओढलं आणि पडद्याच्या जवळ बसला. वाकून बघणाऱ्या चौघांपैकी तिघं बोलत होते. चौथा बोलत नव्हता. तो ढिगाकडं बघत होता, आणि त्याचं तोंड इथं कुणी पुसलेलं नव्हतं, पण ऊन मागून येत असल्यामुळं ते काळंच दिसत होतं. अंकितानं चित्र सोडलं. चौघं वर राहिले. कॅमेऱ्यानं तोंड खाली घेतलं, मागं फिरला आणि आल्या वाटेनं चेंबरकडं निघाला.

"बंद करू का? परतीचं काय लिवायचं नसतं."

"नगं. बघू दे," जोतिराम म्हणाला.

दोनशे, एकशे नव्वद, एकशे ऐंशी. उजेड मागं पडला. नळीच्या तळाशी पाण्याची बारीक धार वाहत होती, आणि तिच्याबरोबर पिवळी वाळू, दाणा दाणा, कॅमेऱ्याच्याच दिशेनं चालली होती.